म्युच्युअलच्या (परस्पर संमतीच्या घटस्फोटाच्या) कागदावर सही करण्याआधी: पोटगी, मुलीचा ताबा आणि दोघांच्या नावावरचा फ्लॅट

प्रश्न थोडक्यात असा आहे. हिंदू पद्धतीने २०१६ मध्ये लग्न झालं. नवरा पुण्यात आयटीत असून हातात येणारा पगार १ लाख १० हजार. सात वर्षांची मुलगी. गेले १४ महिने बाई मुलीला घेऊन कोल्हापूरला माहेरी राहतात आणि अर्धवेळ नोकरीत १४ हजार मिळवतात. वाकडचा फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, त्याचा ४२ हजारांचा हप्ता नवरा भरतो. त्याचं म्हणणं असं की म्युच्युअलला सही कर, मुलगी तुझ्याकडेच ठेव, पण पोटगी मागू नकोस. कोर्टात गेलीस तर घटस्फोट मला मिळेलच आणि तुला काही मिळणार नाही. सही करावी का? नाही केली तर सुरुवात कुठून?

आत्ता सही करू नका. संसार पुन्हा जमणार नसेल तर संमतीने वेगळं होणं हाच बहुतेक वेळा शहाणपणाचा मार्ग असतो, पण तो कागद सगळ्यात शेवटी यायला हवा. आधी दरमहाचे पैसे, मुलीची व्यवस्था आणि फ्लॅट, आणि मग घटस्फोट. हा क्रम उलटा झाला की पुढची पाच-सात वर्षं तारखांना जातात.

धमकीतलं खरं किती ते आधी पाहू. "लग्न आता उरलेलंच नाही" एवढ्या कारणावर कुटुंब न्यायालय घटस्फोट देऊ शकत नाही. तो अधिकार राज्यघटनेच्या कलम १४२ खाली फक्त सर्वोच्च न्यायालयाचा आहे. मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो पुन्हा स्पष्ट केला. नवऱ्याला हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३ मधलं एखादं कारण सिद्ध करावं लागेल. तो बहुधा क्रूरता किंवा परित्याग, म्हणजे विनाकारण सोडून जाणं, म्हणेल. परित्यागाला अर्ज दाखल होण्याआधीची सलग दोन वर्षं लागतात. तुमचे १४ महिनेच झालेत, शिवाय सबळ कारणाने घर सोडलं असेल तर तो परित्याग ठरत नाही.

मात्र याच टप्प्यावर एक चूक हमखास होते. नवऱ्याच्या वकिलाची "नांदायला या" अशी नोटीस येते, माहेरचे म्हणतात दुर्लक्ष कर, आणि नोटीस कपाटात जाते. पुढे तो हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली नांदवण्याचा अर्ज करतो. तुम्ही हजर राहिला नाहीत की एकतर्फी हुकूमनामा होतो, आणि त्यानंतर वर्षभर एकत्र राहणं झालं नाही तर तेवढ्याच कारणावर घटस्फोट मागता येतो. म्हणून आलेल्या प्रत्येक नोटिशीला उत्तर द्या: घर का सोडलं, कोणत्या तारखेला सोडलं, कोणत्या अटींवर परत यायची तयारी आहे किंवा का नाही. असा हुकूमनामा झालाच तरी त्या एका कारणाने पोटगी नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे. पण तिथवर गोष्ट जाऊच देऊ नये.

दावा कुठे, हा पुढचा प्रश्न. तुम्ही अर्जदार असाल तर सध्या जिथे राहता तिथे, म्हणजे कोल्हापूरच्या कुटुंब न्यायालयात, अर्ज चालतो. पोटगीचा अर्जही तिथेच. मुलीच्या ताब्याचा स्वतंत्र अर्ज मुलगी नेहमी जिथे राहते तिथे करायचा असतो; तिची शाळा कोल्हापुरात असेल तर ते ठिकाणही हेच. नवऱ्याने आधी पुण्यात अर्ज टाकला, तर एरवी नंतरचा अर्ज पहिल्या कोर्टाकडे जातो. म्हणून कोण आधी टाकतं याला महत्त्व आहे. त्याचा अर्ज आधी पडलाच तर तो कोल्हापूरला वर्ग करून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जाता येतं, आणि लहान मूल सोबत असलेल्या बाईची सोय तिथे सहसा पाहिली जाते. महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट, हिंसाचार अशा प्रकरणांत महिलांना कोर्ट फी माफ आहे. उत्पन्न कितीही असो, स्त्रीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकीलही मिळतो. वकिलाची फी परवडत नाही एवढ्यासाठी कुणी घाईत सही करू नये.

पोटगी: रस्ते तीन, आकडा एकच

पोटगीचे तीन रस्ते आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिला म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं पूर्वीचं कलम १२५. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं. त्यासाठी घटस्फोटाचा दावा असावा लागत नाही. दुसरा, हिंदू विवाह कायद्याचं कलम २४. घटस्फोटाचा दावा चालू असताना अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्च यात मागता येतो, पण दावाच नसेल तर हे कलम उपयोगाचं नाही. तिसरा, कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५. हा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जातो आणि त्यात पैशांबरोबर घरात राहण्याचा हक्क, संरक्षण, मुलीचा तात्पुरता ताबाही मागता येतो.

तिन्हीकडे अर्ज केले म्हणून तिप्पट पैसे मिळत नाहीत. एका ठिकाणी मिळालेली रक्कम दुसऱ्या ठिकाणी धरली जाते, आणि आधीचा आदेश सांगणं तुमच्यावर बंधनकारक आहे. तुमच्या परिस्थितीत कलम १४४ चा अर्ज आधी करणं बरं. मारहाण किंवा घरातून काढल्याचा भाग असेल तर हिंसाचाराचा अर्जही. एक सावधगिरी बाळगा: कुठल्याही नोटिशीत किंवा व्हॉट्सॲपवर "आम्ही परस्पर संमतीने वेगळे राहतो" असं लिहून देऊ नका. संमतीने वेगळं राहणाऱ्या पत्नीला कलम १४४ खाली पोटगी मिळत नाही, आणि समोरचा वकील नेमकं तेच वाक्य शोधत असतो.

आता रक्कम. "पगाराच्या २५ टक्के" हा आकडा सगळीकडे ऐकू येतो. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणापुरतं ते प्रमाण योग्य म्हटलं आणि लोकांनी त्याचा नियम केला. असा नियम कायद्यात कुठेही नाही. आज सगळा खेळ प्रतिज्ञापत्राचा आहे. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघालेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी ठरवून दिलं की पोटगीच्या प्रत्येक अर्जात दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज आणि खर्च यांचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रतिज्ञापत्र द्यायचं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. म्हणूनच अर्ज सहा महिने लांबवला की सहा महिन्यांचे पैसे गेले. आदेश कधी होतो यापेक्षा अर्ज कधी पडला हे खिशाला जास्त लागतं.

हे प्रतिज्ञापत्र वकिलाच्या कारकुनाकडून शेवटच्या दिवशी भरून घेऊ नका. तीन वर्षांची बँक स्टेटमेंट, प्राप्तिकर विवरणपत्रं, मुलीच्या फीच्या पावत्या, औषधांची बिलं आधी गोळा करा. वर्षाचे खर्च बारांनी भागून लिहा: शाळेची फी वर्षाला ७२ हजार असेल तर महिन्याला ६ हजार, त्यात व्हॅन, शिकवणी, गणवेश, विम्याचा हप्ता. माहेरी राहता म्हणून घरखर्च शून्य लिहू नका. किराणा आणि वीजबिलातला तुमचा व मुलीचा वाटा लिहा. पण फुगवूही नका. महिन्याला ७० हजार खर्च लिहिला आणि यूपीआयच्या नोंदींत २२ हजार दिसले, तर उलटतपासणीत तो एकच आकडा बाकीचे सगळे आकडे घेऊन बुडतो.

आणि तुमचे १४ हजार लिहा. उत्पन्न लपवणं ही बायकांकडून होणारी सगळ्यात महाग चूक आहे. नवऱ्याचे वकील कंपनीला पत्र पाठवून किंवा कोर्टामार्फत कागद मागवून ते काढतातच, आणि मग खोटं प्रतिज्ञापत्र दिल्याचा वेगळा अर्ज येतो. कमावत्या पत्नीलाही पोटगी मिळते. प्रश्न एवढाच की त्या कमाईत लग्नाच्या घरातल्या राहणीमानासारखं भागतं का. "ती बी. कॉम. आहे, कमवू शकते" हा युक्तिवादही पुरेसा नाही. कमावण्याची क्षमता आणि प्रत्यक्ष कमाई या दोन वेगळ्या गोष्टी, असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलेलं आहे.

त्याच्या बाजूने काय येईल ते सांगता येतं. १ लाख १० हजारांतून हप्ता ४२, आईवडिलांना १५, वैयक्तिक कर्ज १२, भविष्य निर्वाह निधीत जादा १०, म्हणजे उरले ३१ हजार. यातला सक्तीचा भविष्य निर्वाह निधी, प्राप्तिकर, व्यवसाय कर हातात पगार येण्याआधीच कापले गेलेत. स्वेच्छेने भरलेला जादा निधी ही बचत आहे, खर्च नव्हे. वेगळं झाल्यानंतर काढलेल्या वैयक्तिक कर्जाकडे कोर्ट संशयाने पाहतं. आईवडिलांची जबाबदारी खरी असेल तर धरली जाते, पण वडिलांना पेन्शन आहे का हे विचारायला विसरू नका. गृहकर्जाचा हप्ता मात्र पूर्ण उडवून लावता येत नाही, कारण त्यातून तुमच्याही नावावरची मालमत्ता उभी राहते आहे. बोनस, शेअर, परदेशी दौऱ्याचे भत्ते हे मासिक पगारपत्रकात दिसत नाहीत. त्यासाठी फॉर्म १६ आणि विवरणपत्र हजर करण्याचा आदेश मागा.

आदेश झाला आणि पैसे आलेच नाहीत तर? कलम १४४ च्या थकबाकीच्या वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. "देईल, देईल" म्हणत चौदा महिने थांबलात तर सुरुवातीचे दोन महिने या मार्गाने वसूल होत नाहीत. वॉरंट निघतं, तरीही भरलं नाही तर प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. नोकरदार माणसाच्या बाबतीत त्याहून उपयोगी पडते ती पगाराची जप्ती: पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेत पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग सुरक्षित आहे. कंपनीच्या एचआरकडे जप्तीचा कागद गेला की बहुतेकांची अडचण आपोआप सुटते.

मुलगी

पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे, हे कलम अनेकांना माहीत असतं. तुमची मुलगी सात वर्षांची आहे, तेव्हा त्या कलमाचा थेट आधार नाही. तरी १४ महिने ती तुमच्याकडे आहे, शाळा इथे आहे, म्हणजे स्थैर्य तुमच्या बाजूला आहे. कोर्ट आईचा हक्क, बापाचा हक्क असं मोजत नाही. मुलाचं हित हीच एक कसोटी. त्या हितात वडिलांशी नियमित संबंध असणंही येतं. म्हणून पोटगी नाही तर भेट नाही, हा सौदा करू नका. भेट अडवणाऱ्या पालकाविषयी न्यायाधीशांचं मत फार लवकर बनतं, आणि नंतर ते बदलत नाही. तसंच उलट: भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबवण्याचा अधिकार त्यालाही नाही.

भेटीचा आदेश किंवा करार जितका नेमका तितकी भांडणं कमी. "दोघांच्या सोयीने भेट" असं लिहिलेला कागद पहिल्याच दिवाळीत निकामी होतो. लिहायचं असं: महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार सकाळी १० ते रविवार संध्याकाळी ५; नेणं-आणणं कोण करणार आणि कुठून; बुधवारी आणि रविवारी रात्री ८ वाजता व्हिडिओ कॉल; मे महिन्याच्या सुट्टीचा कोणता पंधरवडा कुणाकडे; दिवाळी एक वर्ष पाडव्यापर्यंत इकडे, पुढच्या वर्षी तिकडे; गणपती कुठे; वाढदिवस कसा. मुलगी आजारी असेल तर भेट कधी भरून द्यायची. पासपोर्ट कुणाकडे, परदेशी नेताना लेखी संमती किती दिवस आधी. शाळेच्या नोंदीत दोघांचे नंबर राहतील आणि प्रगतिपुस्तक दोघांना मिळेल, हेही. पुणे-कोल्हापूर अंतर पाहता दर आठवड्याची भेट कागदावर चांगली दिसते, पण मुलगी दमते आणि तिसऱ्या महिन्यापासून तारखा चुकायला लागतात.

न्यायाधीश मुलीशी चेंबरमध्ये बोलतील. तिला पढवू नका. सात वर्षांचं मूल "पप्पांनी मानसिक छळ केला" असं म्हणालं की ते शब्द कुणाचे हे समोरच्याला लगेच कळतं. कोर्टातल्या विवाह समुपदेशकांपुढेही शांतपणे बोला. तिथल्या बोलण्याचा पुरावा होत नाही, पण तडजोडीचा रस्ता तिथूनच निघतो. ताब्याचा आदेश कधीच कायमचा नसतो. परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो, दोघांनाही.

परदेशी राहणाऱ्यांसाठी एक भर: मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबाबतच्या १९८० च्या हेग कराराचा भारत सदस्य नाही. त्यामुळे अमेरिकेतल्या कोर्टाचा ताब्याचा आदेश इथे आपोआप लागू होत नाही. इथलं कोर्ट मुलाचं हित पुन्हा तपासतं.

फ्लॅट आणि दागिने

महाराष्ट्रात घटस्फोट झाला म्हणून नवऱ्याच्या मालमत्तेत आपोआप निम्मा वाटा मिळत नाही. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेमुळे चित्र वेगळं आहे: तिथे वेगळा करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. तुमच्या फ्लॅटमध्ये तुमचं नाव करारनाम्यावर आहे म्हणून हक्क आहे. तुम्ही त्यात किती पैसे घातले याचे पुरावे, म्हणजे आगाऊ रक्कम, लग्नाआधीच्या ठेवी, वडिलांनी दिलेला चेक, आत्ताच शोधून ठेवा.

तडजोडीत फ्लॅट त्याने ठेवायचा ठरला, तर लक्षात असू द्या की बँकेवर तुमच्या आपसातल्या अटी बंधनकारक नाहीत. हुकूमनाम्यात "यापुढे हप्ते पतीने भरायचे" असं लिहिलं तरी तुम्ही सहकर्जदार राहताच. त्याने हप्ता चुकवला की तुमचा सिबिल स्कोअर पडतो आणि उद्या तुम्हाला स्वतःसाठी कर्ज मिळत नाही. म्हणून बँकेचं कर्जातून नाव वगळल्याचं पत्र किंवा कर्ज त्याच्या एकट्याच्या नावावर फिरवल्याचा पुरावा हातात आल्यावरच तुमचा हिस्सा सोडायचा. आणि हा हस्तांतराचा दस्त शेवटच्या आदेशाआधी करायचा. महाराष्ट्रात पती-पत्नीमधल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्रावर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, पण हुकूमनामा झाला की तुम्ही पती-पत्नी राहत नाही आणि ही सवलतही राहत नाही.

दागिने स्त्रीधन, म्हणजे तुमच्या एकटीच्या मालकीचे आहेत, सासरच्यांकडे ठेवले असले तरी. बिलं, लग्नाचे फोटो, लॉकरच्या नोंदी जोडून यादी करा आणि लेखी मागणी करा.

आता संमतीचा कागद

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली संमतीने घटस्फोट घ्यायला किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. तुमचं ते झालं आहे. अर्ज दाखल झाल्यावर सहा महिने थांबायचं, मग १८ महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन संमती सांगायची. सहा महिन्यांची ही अट न्यायालय माफ करू शकतं, असं २०१७ पासून ठरलं आहे. त्यासाठी वेगळं राहून साधारण दीड वर्ष झालेलं असावं, समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत आणि पोटगी, ताबा वगैरे सगळं खरोखर मिटलेलं असावं. तुम्ही आणखी चार महिन्यांनी अर्ज केलात तर ही वाट खुली होते. घाई न करण्याचं हेही एक कारण.

शेवटचा आदेश होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती काढून घेऊ शकतं. म्हणून पैशांचे टप्पे पाडतात: समजा २५ लाख ठरले, तर ८ लाख पहिल्या अर्जाच्या दिवशी, ७ लाख इतर केसेस मागे घेण्याच्या टप्प्यावर, उरलेले १० लाख शेवटच्या आदेशाच्या दिवशी कोर्टासमोर डिमांड ड्राफ्टने. पुढच्या तारखांचे चेक घेऊ नका. सासरच्या छळाचं कलम ४९८अ, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, याचा गुन्हा नोंदलेला असेल तर तो आपसात मिटवून ठाण्यात बंद होत नाही. तो उच्च न्यायालयात रद्द करून घ्यावा लागतो आणि तिथे तुमचं संमतीचं प्रतिज्ञापत्र लागतं. पैशांचा एक हप्ता त्याच्याशी बांधतात तो याचसाठी. एकरकमी पोटगीवर प्राप्तिकर लागत नाही, दरमहाच्या पोटगीवर लागतो. रक्कम ठरवताना हे धरा.

आता त्याची "पोटगी मागू नकोस" ही अट. तुमच्या स्वतःच्या पोटगीवर तुम्ही पाणी सोडू शकता, पण करारातली ती अट नंतर तुमच्याच आड येते. मुलीच्या पोटगीवर मात्र तुम्ही पाणी सोडूच शकत नाही. तो हक्क तिचा आहे. तिच्यासाठी दरमहा रक्कम, दरवर्षी किती टक्के वाढ, बारावीनंतरच्या शिक्षणाचा खर्च कुणी किती उचलायचा, आरोग्य विम्यात नाव कुणाच्या, हे सगळं आकड्यांत लिहून घ्या. "शिक्षणाचा योग्य तो खर्च पती करेल" या वाक्यावर दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) चालवून काही वसूल होत नाही. मसुदा वाचताना प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: हे पाळलं नाही तर बेलिफ नेमकं काय जप्त करेल? उत्तर सापडत नसेल तर ती ओळ पुन्हा लिहून घ्या.

संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नाही, त्यामुळे तो झाला की दुसऱ्या लग्नाला मोकळीक. लढून घेतलेल्या घटस्फोटात मात्र अपिलाचे ९० दिवस जाऊ द्यावे लागतात, आणि दुसऱ्या लग्नाची तारीख धरण्याआधी उच्च न्यायालयात अपील पडलेलं नाही ना हे पाहून घ्यावं लागतं. कोल्हापूरच्या निकालांसाठी ऑगस्ट २०२५ पासून ही चौकशी मुंबईला नव्हे, मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचमध्येच करायची. हुकूमनाम्याच्या चार-पाच प्रमाणित प्रती एकदमच मागून घ्या. पासपोर्ट, बँक, मुलीची शाळा आणि सोसायटी, प्रत्येकजण वेगळी मागतो.